सोन्याशेजारी चांदी

काळ्या समुद्राच्या काठी, बल्गेरियात, वार्ना नावाचे बंदर आहे. 1972 साली तेथे चर खणताना जमिनीतून पिवळे तुकडे वर आले आणि पुढच्या उत्खननात सुमारे तीनशे थडग्यांची एक प्राचीन दफनभूमी उजेडात आली. काळ इसवी सनापूर्वी 4500 च्या आसपासचा आणि एकूण सोने सुमारे सहा किलो. माणसाने घडवलेल्या सोन्याचा इतका जुना आणि इतका मोठा साठा तोवर कोणी पाहिला नव्हता. त्यातले 43 क्रमांकाचे थडगे विशेष गाजले, कारण तिथल्या एकट्या पुरुषासोबत दीड किलो सोने पुरले होते. आपल्याला त्या थडग्यात रस आहे तो वेगळ्याच कारणाने. सोन्याच्या बरोबरीने तेथे तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या आणि शिंपल्याचे एक कंकणही होते. ते मूळचे मोडलेले आणि सोन्याच्या पत्र्याने सांधलेले होते. ज्याच्या हाती एवढे सोने होते, त्याला तांब्याचे वावडे नव्हते आणि शिंपल्याची लाज नव्हती. आज सुती कुर्त्यावर किंवा जीन्सवर सोन्याच्या पाटलीला खेटून चांदीचे जाडजूड कडे आणि गळ्यात पितळेची डोक्रा माळ घालण्याची जी तऱ्हा आपण पाहतो, तिचा माग काढायचा तर इतके मागे जावे लागते.

तिथून आपण इजिप्तमध्ये येऊ. गिझाच्या पिरॅमिडांजवळ 1925 साली जॉर्ज राइस्नर यांच्या पथकाला हेतेफेरेस राणीचे थडगे सापडले. ही खुफू राजाची आई. तिच्या बांगड्या होत्या चांदीच्या, त्यांवर पिरोजा, लाजवर्द आणि अकीक जडवून फुलपाखरे साकारलेली, आणि त्या ठेवण्याची लाकडी पेटी मात्र सोन्याच्या पत्र्याने मढवलेली. इजिप्तमध्ये सोन्याच्या खाणी होत्या, चांदी दुर्मीळ होती. साहजिकच मौल्यवान चीज आत आणि सोने बाहेरच्या वेष्टणाला! साधारण त्याच काळात मेसोपोटेमियातल्या उर नगरीत काय चालले होते, ते लिओनार्ड वूली यांच्या 1922 ते 1934 या काळातल्या उत्खननाने दाखवले. तिथल्या एका मोठ्या खड्ड्यात 74 जणांचे सांगाडे होते, त्यांपैकी 68 स्त्रियांचे. मृत स्वामीच्या सोबतीला नटूनथटून निघालेला हा परिवार. काहींच्या केसांत सोन्याच्या फिती होत्या, काहींच्या केसांत चांदीच्या. मातीतल्या क्षारांनी चांदीची पार भुकटी झाली होती. एका तरुणीच्या केसांत मात्र फीतच नव्हती. तिच्या कमरेजवळ चांदीची एक घट्ट गुंडाळी मिळाली. ती उलगडल्याविना राहिलेली फीत होती आणि गुंडाळलेली असल्यामुळेच शाबूत राहिली होती. त्या मुलीला निघायला उशीर झाला असावा आणि फीत बांधायची सवड मिळाली नसावी, असा वूलींचा तर्क. सोने आणि चांदी एकाच मिरवणुकीत होती, एवढे आपण टिपून ठेवू.

उरच्या त्या थडग्यांत अकीकाचे काही मणी सिंधू खोऱ्यातून गेलेले होते, म्हणून आता आपण तिकडे वळू. कराचीजवळच्या अल्लाहदिनो या छोट्या हडप्पाकालीन वस्तीत दागिन्यांचा एक साठा मिळाला. त्यात सोने, चांदी आणि ब्राँझ एकत्र नांदत होते. त्यातला सर्वांत देखणा नग म्हणजे 36 लांबट अकीक मण्यांचा कमरपट्टा, आणि त्याचे मधले मणी ब्राँझचे आहेत. भरगच्च दागिन्यांची हौस तर मोहेंजोदडोच्या त्या प्रसिद्ध नर्तिकेइतकी कोणी मिरवली नसेल. 1926 साली सापडलेली ही ब्राँझची मूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच. डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजव्या हातात मोजून चार. दोन हात एकमेकांशी जुळले पाहिजेत, हा आग्रह तिला घडवणाऱ्या कारागिराला ठाऊकच नसावा.

धातूंमध्ये भिंत उभी राहिली ती अंगावर नव्हे, तिजोरीत. आजच्या तुर्कस्तानातल्या लिडिया राज्यात पॅक्टोलस नदीच्या वाळूत सोने मिळे आणि तिथल्या सोन्या-चांदीच्या मिश्रणाला इलेक्ट्रम म्हणत. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात याच मिश्रधातूची नाणी पाडली गेली, जगातल्या पहिल्या नाण्यांत त्यांची गणना होते. पण व्यापाऱ्यापुढे लगेच पेच उभा राहिला: या नाण्यात सोने किती आणि चांदी किती? सहाव्या शतकात, क्रीसस राजाच्या काळात, सार्डिस या राजधानीत त्यावर तोड निघाली. 1960 च्या दशकातल्या उत्खननात तिथली भट्टीशाळाच सापडली. सोने ठोकून पातळ करायचे, मिठासोबत मडक्यात भरायचे आणि ते वितळणार नाही अशा बेताच्या आचेवर बराच वेळ तापवायचे. मिठातला क्लोरीन चांदीला ओढून घेई, मागे राही शुद्ध सोने. त्यानंतर सोन्याचे नाणे निराळे आणि चांदीचे निराळे झाले. या कहाणीतले हे पहिले मोठे वळण. तोवर धातू हा रंग होता, आता तो हिशेब झाला.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हाच हिशेब पुरता मुरलेला दिसतो. तिथल्या सुवर्णाध्यक्षाच्या अक्षशाळेला दार एकच आणि खोल्या एकमेकींशी न जोडलेल्या. कामाला येणाऱ्या-जाणाऱ्या कारागिरांची झडती होई. सोनारांच्या लबाड्यांची तर कौटिल्याने रीतसर यादीच दिली आहे. दोन भाग चांदी आणि एक भाग तांबे यांचे मिश्रण करून त्याच्या बदल्यात खाणीतले सोने लांबवणे, ही त्यातली एक युक्ती. म्हणजे राजाच्या दफ्तरी धातूंची मिसळ ही चोरी होती. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहणे, हिणकस बाजूला काढणे, बावनकशीची वाहवा करणे, या आपल्या रोजच्या बोलण्यातल्या गोष्टी याच शहाणपणातून आल्या. सराफाच्या पावतीवर आजही दोन रकाने असतात, एक वजनाचा आणि दुसरा घडणावळीचा. पुढचा सारा इतिहास या दोन रकान्यांच्या ओढाताणीचा आहे. वजनाचा रकाना धातूंना वेगळे करू पाहतो आणि घडणावळीचा रकाना त्यांना पुन्हा शेजारी आणून बसवतो.

तिजोरीतला नियम अंगावर यायला मात्र फार अवकाश लागला. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेली युगुले आपण पाहिली, तर त्यातल्या स्त्रियांच्या पायांतली जाड वलये नजरेत भरतात. त्यांचा धातू कोणता, हे दगड सांगत नाही. पुढे महाराष्ट्रात स्थिरावलेली रीत मात्र आपण सारे जाणतो: कमरेच्या वर सोने, कमरेच्या खाली चांदी. सोने म्हणजे लक्ष्मी, ते पायी घालू नये, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. सोने मऊ आणि महाग, मातीत-पाण्यात झिजून जाणारे, हा त्यामागचा व्यवहार. पायातले सोने हा राजाने द्यायचा मान होता. राजपुतान्यात तो अधिकार सरदारांना दरबाराकडून मिळे. त्यामुळे गळ्यात सोन्याचे डोरले, ठुशी किंवा कोल्हापुरी साज, कमरेला चांदीचा छल्ला, पायांत चांदीचे तोडे, पैंजण, बोटांत जोडवी आणि मासोळ्या, हा थाट सणासुदीपुरता नव्हता. नऊवारीचा कासोटा मारून दळण-कांडण करणाऱ्या बाईच्या अंगावर यातले निम्मे तरी रोज असे. हाताचेही तसेच. हिरव्या काचेच्या बांगड्या आणि त्यांच्या मागेपुढे पाटल्या, गोठ, तोडे. चार आण्यांची काच आणि तोळ्यांचे सोने एकाच मनगटावर रोज किणकिणत होते आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नव्हती.

ही कमरेची रेषासुद्धा सगळ्यांसाठी नव्हती. गावोगावच्या कष्टकरी बायकांच्या गळ्यात चांदीची सरी असे, दंडांत चांदीच्या वाक्या असत आणि व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये ओवून केलेली माळही असे. नाणे हा कारखान्यातून तयार मिळालेला दागिनाच होता. व्हेनिसच्या ज्या डुकाटांवरून आपल्या पुतळ्या आल्या, त्यांच्यावरच्या आकृतींना आपल्याकडे राम-सीता मानले जाई. या मिसळीत सर्वांत पुढे होते बंजारा तांडे. केसांच्या बटांना लोंबणाऱ्या घुगरी-टोपल्या, कोपरापर्यंत आणि त्याच्याही वर हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या बलिया, कांचळीवर आरसे आणि कवड्या, शिवाय चांदी, पितळ आणि शिवलेली नाणी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मैलोन्‌मैल चालणाऱ्या बाईचा हा रोजचा पेहराव होता. पेठेतल्या सुखवस्तू घरांना ‘नाकापेक्षा मोती जड’ वाटावा असा हा ऐवज. गळ्यात चांदी दिसली की सोने परवडत नाही असा अर्थ काढला जाई. वजनाच्या रकान्याने माणसांचीही प्रतवारी केली होती.

कारागिरांच्या आळीत मात्र धातूंचे लग्न कधी मोडले नाही. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत पोलादावर सोने ठोकून बसवणारे कोफ्तगर आणि सोन्याची नक्षी जडवणारे जरनिशान यांची नोंद आहे. बिदरच्या कारागिरांनी जस्ताच्या काळ्याभोर भांड्यांवर चांदीची वेलबुट्टी उमटवली. तांबे आणि पितळ सांधून केलेली गंगाजमनी भांडी तर आपल्या तांबट आळ्यांनी घरोघर पोहोचवली. याच धर्तीचे, पण त्याहून सूक्ष्म काम जपानमध्ये तलवारीच्या मुठींवर चालले होते. तांब्यात थोडे सोने मिसळून जांभळट काळा शाकुदो बनवायचा, चौथा हिस्सा चांदी घालून करडा शिबुइची बनवायचा. सतराव्या शतकात अकिता प्रांतातल्या देन्बेई शोआमी याने निरनिराळ्या धातूंचे पत्रे एकावर एक सांधून, कोरून, ठोकून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी काढली. ते मोकुमे-गाने. मग 1876 साली मेइजी सरकारने सामुराईंना तलवार बाळगायला बंदी केली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हे कसब एका फर्मानाने बेकार झाले. मुठी घडवणारे हात बटणे, पिना आणि लहानसहान दागिने घडवू लागले, आणि हा माल जहाजांतून पश्चिमेकडे निघाला.

पश्चिमेत त्याचे स्वागत सरसकट झाले नाही. इंग्लंडमध्ये 1300 साली पहिल्या एडवर्डच्या काळात चांदीचा कस तपासून तिच्यावर बिबळ्याच्या तोंडाचा शिक्का मारण्याचा कायदा झाला होता आणि त्या परंपरेत चांदीवर तांबे जोडलेल्या वस्तूला शिक्का मिळण्याची सोय नव्हती. अमेरिकेत असे बंधन नव्हते. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीचे एडवर्ड मूर जपानी वस्तूंचे मोठे संग्राहक होते. त्यांच्या देखरेखीखाली ठोक्यांच्या खुणा राखलेल्या चांदीवर तांब्याचे मासे आणि सोन्या-पितळेची पाने अवतरली. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात या कामाने चांदीकामाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. गंमत अशी, की खुद्द युरोपातल्या उंची दागिन्यांतही मिसळ होतीच, फक्त ती लपवलेली होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हिरे चांदीच्या कोंदणात बसवत, कारण पांढऱ्या धातूत ते अधिक पांढरे दिसत, आणि पाठीमागे सोने लावत, म्हणजे चांदीचा काळपटपणा कपड्यांना लागू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लॅटिनम आले आणि ही सोय मागे पडली. पांढऱ्यासोबत पांढरे, पिवळ्यासोबत पिवळे, घड्याळ, पिन आणि पर्सची कडी सगळे एका रंगाचे, हा शिष्टाचार पुढच्या दशकांत मध्यमवर्गात रुजला. आपण ज्याला जुना नियम समजतो त्याचे वय एवढेच.

या शिष्टाचाराला पहिली फट पाडली तीही बड्या पेढीनेच. 1924 साली कार्टिएने प्लॅटिनम, पिवळे सोने आणि गुलाबी सोने यांची एकमेकांत गुंतलेली तीन वळी एकाच अंगठीत आणली. कवी झाँ कॉक्तो अशा दोन अंगठ्या करंगळीत घालत. पुढे 1933 साली रोलेक्सने पोलाद आणि सोने यांच्या जोडीची नोंदणी केली. त्याच सुमारास कोको शॅनेल खऱ्या मोत्यांच्या बरोबरीने खोटे मोती साध्या जर्सीवर मुक्तपणे घालत होत्या. मात्र भारदस्त आकाराचा, हाताने ठोकलेला दागिना रोजच्या कपड्यांवर आणला तो कलावंतांनी. अलेक्झांडर काल्डर पितळ आणि चांदीच्या तारा ठोकून मित्रमैत्रिणींसाठी दागिने करत. पेगी गुगेनहाइम यांनी 1942 साली न्यूयॉर्कमधले आपले कलादालन उघडले, तेव्हा एका कानात काल्डरचे आणि दुसऱ्या कानात इव्ह तांगीचे डूल घातले होते. अमूर्त आणि अतिवास्तव या दोन्ही पंथांशी आपण समान वागतो, हे दाखवण्यासाठी. आर्ट स्मिथ या कृष्णवर्णीय कारागिराने 1946 साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये दुकान थाटून तांबे, पितळ आणि चांदीची रुंद कडी विकायला सुरुवात केली. मेक्सिकोच्या तास्को गावात कास्तियो बंधूंनी चांदी, तांबे आणि पितळ यांचे तुकडे करवतीने कापून, कडेला कड भिडवून, डाग देऊन असे घासले की नखालाही सांधा लागू नये. त्या कामाला तिथे ‘लग्न झालेले धातू’ असेच म्हणतात.

भारतात हे वळण वेगळ्या वाटेने आले. चीन युद्धानंतर जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण लागू झाले आणि 14 कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवायला मनाई झाली. सोनारांच्या पेढ्या ओस पडल्या. कसाची अट पुढे सैल झाली, तरी 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा 1990 पर्यंत टिकला. याच काळात मुलामा दिलेले, बेन्टेक्सचे दागिने घरोघर शिरले आणि दागिना म्हणजे ठेवच असली पाहिजे, हा समज सैलावला. दुसरीकडे 1952 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाने, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने, ग्रामीण कारागिरी शहरी विक्रीकेंद्रांत आणली. 1978 साली जयपूरला राजीव अरोरा आणि राजेश अजमेरा या मित्रांनी आम्रपाली सुरू केली, ती आदिवासी आणि ग्रामीण चांदीच्या जुन्या नगांच्या बळावर. एरवी असे नग वजनावर विकले जाऊन मुशीत जात. हातमागाची साडी, खांद्याला झोळी आणि गळ्यात काळवलेली चांदी, हा शिकल्या-सवरलेल्या स्त्रीचा पेहराव झाला. जी चांदी तांड्यावरच्या बाईच्या गळ्यात दारिद्र्याची खूण ठरत होती, तीच प्राध्यापिकेच्या गळ्यात अभिरुचीची खूण ठरली. दागिना तोच, फक्त गळा बदलला. कमरेची रेषा ओलांडून चांदी सुखवस्तू घरांत वर चढली ती अशी.

आज आपण या रस्त्याच्या टोकाशी उभे आहोत. 16 जून 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, म्हणजे वजन आणि कस यांचा रकाना पूर्वी कधी नव्हता इतका चोख झाला. एप्रिल 2025 मध्ये 10 ग्रॅम सोन्याचा भाव 1 लाख रुपयांच्या घरात पोहोचला. एवढ्या भावाने रोजच्या हातात ठसठशीत सोने कोण घालणार? म्हणून नाजूक सोने आणि जाड चांदी-पितळ यांची सोयरीक पुन्हा जुळते आहे. घालताना दोनतीन गोष्टी सांभाळल्या म्हणजे झाले. पोलादाचे कडे सोन्याच्या पाटलीला लागून घालू नये, चरे सोन्यालाच पडतात. चांदी वेगळ्या पिशवीत ठेवावी. खोट्या दागिन्यांत निकेल असेल तर कान चिघळतात, तेव्हा खाली कोणता धातू आहे, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारावे. मेळ बसेल की नाही, ही चिंता मात्र सोडून द्यावी. साडेसहा हजार वर्षांत तो बसलेला आहे, अडसर आला तो हिशेबाच्या वहीचा.

राहता राहिली एक विनंती. या साऱ्या प्रवासात धातूंना शेजारी बसवले ते कारागिरांनी, आणि त्यांच्या वाट्याला नेहमी पावतीवरचा दुसराच रकाना आला. सोन्याचा भाव आपण मुकाट्याने मोजतो आणि मग बस्तरच्या डोक्रा माळेवर किंवा हुपरीच्या पैंजणावर शंभर रुपयांसाठी अडून बसतो. पुढच्या वेळी घासाघीस वजनावर करा, घडणावळीवर करू नका.